जुन्या माठातलं खत

आमच्याकडे सोलापुरात खत सडून नाही, वाळून बिघडतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की गच्चीवरचा डबा दोन दिवसांत कोरडाठक्क पडतो आणि कुजणं थांबतं. म्हणून पहिली गोष्ट: भांडं सावलीत, जिन्याखाली ठेवा.

मी पाझरणारा जुना माठ घेतला. तळाला आणि बाजूंना भोकं पाडली, खाली नारळाच्या शेंड्या घातल्या. मग रोजचा थर: एक वाटी भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, आणि त्यावर दोन वाट्या सुका पाला. चटणीसाठी शेंगा घरीच फोडतो, ती टरफलंही चुरून घालते. ती हळू कुजतात, पण ढीग मोकळा ठेवतात. डाळिंबाची साल मात्र बारीक चिरूनच टाका. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडलं की कुजणं लवकर सुरू होतं.

आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर घेऊन दाबा: बोटांना ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. वास आला तर सुका पाला वाढवा. उन्हाळ्यात मी माठाभोवती ओलं पोतं गुंडाळते.

शिळी भाकरी यात कधीच जात नाही. तिचा कांदा-लसूण घालून कुस्करा होतो, नाहीतर ती वाळवून कडक करते आणि आमटीत चुरते. अन्न आधी पोटात, उरलं तरच माठात.

अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला की चाळून कढीपत्त्याला घाला.