पिकअपचं सेंटर बेअरिंग सारखं जातंय? या चुका टाळा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) टाकलेलं नवं सेंटर बेअरिंग पोळ्याच्या आत पुन्हा वाजायला लागलं. धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, मांगे वाजस." त्या वर्षातलं ते तिसरं. गाडी जुनी, लांब चेसिसची. केळीच्या बागेतून हायवेपर्यंत घड वाहायचे, दिवाळीनंतर कापूस. तिन्ही वेळा आम्ही तेच केलं होतं: आवाज आला, बेअरिंग बदललं, गाडी रस्त्यावर. बेअरिंग मरतंय कशाने, हे बघायला खाली कुणी शिरलंच नव्हतं.

लांब गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्यापर्यंत) ताकद नेणारा एकच शाफ्ट टाकला, तर वेगात तो मधोमध झोळ खाऊन दोरउडीच्या दोरीसारखा फिरेल. लांबी दुप्पट केली की हा थयथयाट चौथाई वेगालाच सुरू होतो. म्हणून शाफ्टचे दोन तुकडे करतात आणि पुढच्या तुकड्याचं मागचं टोक चेसिसच्या आडव्या पट्टीला टांगतात. टांगणी म्हणजे लोखंडी ब्रॅकेट, त्यात जाड रबर आणि रबरात बेअरिंग. हेच सेंटर बेअरिंग. गाडी जागेवरून उचलताना, खड्ड्यात आपटताना शाफ्टला जे हिसके बसतात ते रबर पिऊन घेतं. बहुतेक वेळा आधी फाटतं तेही रबरच. बेअरिंगच्या गोळ्या नंतर जातात.

आवाज आला की थेट बेअरिंग मागवणं

पहिली चूक हीच, आणि सगळ्यात महागाची. आधी आवाज ओळखा. ६०च्या वेगाला चाक मिनिटाला साधारण साडेचारशे फेरे मारतं. शाफ्ट, हाउसिंगमधल्या गिअरच्या रेशोप्रमाणे, दीड ते दोन हजार. म्हणून टायरची थरथर संथ असते, स्टेअरिंग किंवा सीट डुलवल्यासारखी. शाफ्टची बारीक असते, पायाखालच्या पत्र्यात मुंग्या आल्यासारखी. ज्या वेगाला गाडी थरथरते त्या वेगाला, मोकळ्या सरळ रस्त्यावर, क्षणभर क्लच दाबा. इंजिनचा आवाज खाली आला तरी थरथर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच सुटले. दोष त्यांच्या मागे आहे.

पहिल्या गिअरमध्ये भरली गाडी उचलताना घडघड होते आणि वेग धरला की थांबते? तर रबर बसलंय किंवा कोन बिघडलाय. गिअर टाकताना, रेस सोडताना एकच "ठक्क" येतो? तो बहुतेक क्रॉसचा, म्हणजे शाफ्ट कोनात फिरू देणाऱ्या जोडातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्याचा. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर हे खुद्द बेअरिंगचं लक्षण. पण हाउसिंगमधलं पिनियनचं (शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) बेअरिंगही असंच घरघरतं, म्हणून खाली शिरून हात लावल्याशिवाय निकाल देऊ नका.

गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागचा ॲक्सल घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. काळ्या मातीत जॅक कसा तिरपा होतो ते खान्देशात कुणाला सांगायला नको. मग गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि शाफ्ट हाताने फिरवा. बेअरिंग वाळू भरल्यासारखं खरखरतं का? टॉमीने (लोखंडी पहारीने) हलकेच उचलून बघा, रबर किती सोडतं? आमचं रबर तिसऱ्या वेळी ब्रॅकेटच्या खालच्या अर्ध्या भागात सुटलं होतं आणि तुटलेल्या चपलेच्या अंगठ्यासारखं लोंबत होतं. शेजारच्या क्रॉसच्या एका कपाभोवती तांबूस, कोरडी भुकटी. हळद-तिखट सांडावं तशी. ही भुकटी दिसली की त्या कपातलं ग्रीस कधीच संपलंय आणि आतल्या सुया गंजून दळल्या जाताहेत. असा अडकणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्याला बेअरिंगला ढुशी देतो. तो ठेवून नुसतं बेअरिंग बदललं, तर नवं रबरही त्याच ढुश्या खाणार.

जास्तीचा पाटा

आता खरा गुन्हेगार. केळीच्या हंगामात गाडी मागून बसू नये म्हणून आम्ही मागच्या कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला होता. रावेर-यावल पट्ट्यात असे पाटे न टाकलेली जुनी पिकअप शोधावी लागेल! पाटा टाकला की रिकामी गाडी मागून उचलते, हाउसिंगचं तोंड आणि शाफ्ट यांच्यातला कोन बदलतो. क्रॉसच्या जोडाला कोन वाढलेला चालत नाही. शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढेमागे झटके द्यायला लागतो आणि ते झटके पहिले पोचतात सेंटर बेअरिंगच्या रबरात. ओळखायची सोपी खूण: रिकामी परतताना गाडी जास्त थरथरते आणि माल भरला की शांत होते. उलट होत असेल, म्हणजे भरल्यावरच थरथर, तर पाटे थकलेत किंवा रबर बसलंय. गिअरबॉक्सखालचं माउंटिंगही बघा. ते दबलं की पुढचा कोन बिघडतो.

कन्नडच्या घाटात भरली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढवायची असते तेव्हा शाफ्टवर पीळ सगळ्यात जास्त. वर कोनही वाकडा असेल तर रबर उन्हाळाही काढत नाही.

खुणा न करता शाफ्ट उतरवणं

शाफ्ट खोलण्याआधी प्रत्येक जोडावर पंचाने किंवा पांढऱ्या रंगाने खूण करा. फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकतीवर), योकवर (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यावर) आणि मधल्या दात्यांच्या जोडावर तर हमखास. दोन तुकडे दात्यांवर एकमेकांत सरकतात, आणि एखादा दाता इकडेतिकडे बसला तरी शाफ्ट आरामात आत जातो, काही अडत नाही. पण दोन टोकांचे योक एका ओळीत राहत नाहीत, आणि बेअरिंग नवं असूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. मग टायर बॅलन्स, मग अलाइनमेंट, मग क्लच प्लेट... आमच्या ओळखीच्या एकाचे असे चांगले पैसे गेले, आणि दोष निघाला एका दात्याचा. शाफ्टवर वेल्ड केलेले छोटे चौकोनी तुकडे तोल साधायच्या वजनाचे असतात, तेही काढू नका. ब्रॅकेटखाली जुनी वायसरं निघाली तर तितकीच, त्याच बाजूला परत टाका. ती कोनासाठी असतात. मिस्त्रीला वाटतं, कुणीतरी उगाच घुसवली.

बेअरिंग घेताना जुनं सोबत न्या आणि दुकानातच मोजा: आतलं भोक, रुंदी आणि ब्रॅकेटच्या बुडापासून भोकाच्या मध्यापर्यंतची उंची. डब्यावर गाडीचं नाव तेच असलं तरी उंचीत फरक निघू शकतो, आणि उंची बदलली म्हणजे कोन बदलला.

बसवताना बाहेरच्या रिंगवर हातोडी मारायची नाही. तो मार थेट गोळ्यांवर जातो आणि नवं बेअरिंग चाकं लागायच्या आधीच खड्डे घेऊन बसतं. प्रेसने बसवा, नाहीतर आतल्या रिंगेच्या मापाचा पाइप लावून. शाफ्टची बैठक झिजून बेअरिंग सैल जात असेल तर बैठकीवर पंचाचे टिपके मारून घट्ट करायची रीत आहे. टिपके थोड्याच दिवसांत सपाट होतात आणि रिंग पुन्हा शाफ्टवर फिरायला लागते. बैठक लेथवर भरून घ्यावी, किंवा तुकडाच बदलावा.

ब्रॅकेटचे बोल्ट आधी नुसते हाताने लावा. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार हात पुढेमागे ढकला, ब्रॅकेट शाफ्टला काटकोनात आणि रबर मधोमध आहे बघा, मग आवळा. गाडी लटकलेली असताना आवळलं की रबर कायमचं एका बाजूला ओढलेलं राहतं.

पावसाळ्याआधी चेसिसला डिझेल किंवा जुनं ऑइल फवारतात. गंजाला बरं, रबराला वाईट. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि भुसभुशीत होतं. फवारताना त्यावर जाड प्लास्टिक गुंडाळा. ग्रीसगन क्रॉसच्या निपलला. सेंटर बेअरिंग बहुधा सीलबंद असतं, त्याला निपल नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि रबर पूर्ण फाटलेलं असताना "एवढी खेप टाकून येतो" म्हणू नका. ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधून गावापर्यंत, रिकामी, सावकाश आणता येईल. भरून घाटात नको. मोकळा झालेला शाफ्ट ब्रेकचा पाइप तोडू शकतो, आणि पुढचं टोक निखळून रस्त्यात रुतलं तर गाडीला उलटायला वेळ लागत नाही.

आम्ही शेवटी जास्तीचे पाटे काढले, बेअरिंगसोबत दोन क्रॉस बदलले आणि शाफ्टखाली लोखंडी पट्टीचं एक कडं लावून घेतलं. तुटलाच तर शाफ्ट त्यात अडकेल. भावाची कुरकुर अजून चालूच आहे: आता माल कमी बसतो, बागेत एक फेरी जास्त मारावी लागते.