ऑफिसच्या लॅपटॉपमधला ‘पर्सनल’ फोल्डर

नव्या नोकरीत लॅपटॉप हातात पडला की आठवड्याभरात त्यात ‘पर्सनल’ नावाचा फोल्डर तयार होतोच. मुंबईत तर हमखास, कारण दोन खोल्यांच्या घरात वेगळा लॅपटॉप कुणाकडे असतो? भाडेकरार, पॅन, गृहकर्जाचे कागद, धाकट्या भावाचे ॲडमिशनचे फॉर्म, सगळं ऑफिसच्या मशीनवर. बदलापूर लोकलमध्ये लटकत फोनवर पीडीएफ जोडण्यापेक्षा ते बरं, हे मलाही मान्य आहे.

मशीन कंपनीचं आणि ॲडमिनचे अधिकार आयटीकडे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. इन्कॉग्निटो उघडलं तरी ऑफिसला दिसू शकतं, हे क्रोम स्वतःच तिथे लिहून ठेवतं. मी अडकलो ते डेस्कटॉपवर.

डेस्कटॉपवरची फाइल याच मशीनमध्ये असते, असं मी धरून चाललो होतो. लॅपटॉप बिघडला, आयटीने दुसरा दिला, लॉगिन केलं आणि चहा होईस्तोवर जुना डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. शेजारी आयटीचा मुलगा उभा आणि स्क्रीनवर आईच्या बायोप्सीचे रिपोर्ट. तो बिचारा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

होतं असं, की वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवर फाइल साठवण्याची सेवा) डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर आपल्या ताब्यात घेतं. आयटी हे तुम्हाला न विचारता चालू करू शकतं. आजच तपासा: डेस्कटॉपवरच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. त्या पत्त्यात वनड्राइव्ह आणि पुढे कंपनीचं नाव दिसलं, तर फाइल कंपनीच्या क्लाउडवर गेली म्हणून समजा. डिलीट केलीत तरी ती तिथल्या रिसायकल बिनमध्ये जाते, आणि कुणी रिकामा केला नाही तर ९३ दिवस राहते. कंपनीने डेटा जपून ठेवण्याचा नियम लावला असेल, तर त्याहूनही जास्त. मशीन फॉरमॅट झालं म्हणून सुटलो, हे विसरा.

यावर कॅन्टीनमधले गुरू उपाय सांगतात: फोल्डर हिडन करा, एक्स्टेन्शन बदला. फालतूपणा आहे. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहणारेही पाहिलेत. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. दोन्ही एचआरच्या रजिस्टरमध्ये आहेत! बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाचं म्हणाल, तर लॅपटॉप लोकलमध्ये राहिला की तो चोरापासून वाचवतो. त्याची रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मात्र कंपनीकडेच असते. ‘बिनधास्त ठेव, कोण बघतंय’ म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा आयटी डेस्कवरच्या माणसाला चहा पाजा. खरं काय ते तोच सांगेल.

तरी घाबरू नका. रोज कुणी तुमचे फोटो चाळत बसत नाही, आयटीला प्रिंटरच्या तक्रारीच पुरून उरतात. पण एखादी चौकशी लागली की मेलबॉक्स आणि ड्राइव्ह सरसकट शोधले जातात, आणि त्या जाळ्यात तुमचा भाडेकरारही येतो. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी वेगळ्या संमतीशिवाय कर्मचाऱ्याचा डेटा वापरण्याची मुभा आहे. त्यामुळे ‘माझी प्रायव्हसी’ म्हणून भांडायला फारशी जागा नाही.

खासगी कागद स्वतःच्या फोनवर किंवा स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवा. स्कॅन ऑफिसात करावाच लागला, तर मेलने मागवू नका, कारण प्रत मेलबॉक्समध्ये राहते. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड द्या, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात.

आणि राजीनामा दिल्यावर घाईघाईने पेनड्राइव्ह लावू नका. तुम्ही लग्नाचे फोटो घेताय की क्लायंटची यादी, हे लॉग बघणाऱ्याला पटकन कळत नाही, आणि परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं आयटी कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. मॅनेजर आणि आयटीला साधी मेल टाका: अमुक फोल्डरमध्ये माझी खासगी कागदपत्रं आहेत, तुमच्यासमोर काढून घेऊ द्या. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मात्र विचारू नका, तोवर लॉगिन बंद झालेलं असतं.