शर्यतीचे बूट केबिन बॅगेतच
बर्लिन हाफ मॅरेथॉनला निघालात की शर्यतीचे बूट, मोजे, शॉर्ट्स आणि टी-शर्ट केबिन बॅगेतच ठेवा. चेक-इनची बॅग मागे राहिली तर बाकी सगळं तिथे विकत मिळतं. पायाला सरावलेले बूट मात्र मिळत नाहीत, आणि कोऱ्या बुटात २१.०९७५ किलोमीटर म्हणजे फोड ठरलेलेच. पळताना ताकदीसाठी खायच्या एनर्जी जेलची गणना द्रवपदार्थात होते, त्यामुळे पाकिटं १०० मिलीच्या आतली हवीत आणि पारदर्शक पिशवीत. खजूर, चिक्कीला ती अडचण नाही.

शर्यत साधारण एप्रिलच्या सुरुवातीला असते. पुण्या-मुंबईत तेव्हा घामाच्या धारा, तिथे सकाळी पारा कधीकधी पाचाच्याही खाली. बोटं इतकी गारठतात की जेलचं पाकीट फाडता येत नाही, म्हणून हातमोजे हवेतच. अंगावर जुना स्वेटर असू द्या, शर्यत सुटायच्या आधी काढून तिथेच सोडायचा.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक, घ्यायला जाताना पासपोर्ट न्या. वेळेचा फरक साडेतीन तासांचा, त्यामुळे पहाटे आपोआप जाग येते. येऊ द्या, सकाळच्या शर्यतीला सोयीचंच आहे. आणि जर्मनीला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो; तो लवकर उरका.