उभं विमान सांभाळताना

25 मार्च 2020 ला देशांतर्गत विमानं बंद झाली, परदेशची त्याआधी दोन दिवस. मुंबईत जागा मिळेल तिथे विमानं उभी केली. मी तेव्हा लाइन मेंटेनन्सला, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांच्या देखभालीला. शेजारी म्हणायचे, "आता काय बुवा, सुट्टीच तुम्हाला!" पगार कापून आला तो सोडा, पण उडत्या विमानापेक्षा उभं विमान जास्त राबवतं. नव्या पोरांना शिकवलं ते इथे लिहितोय. कोणतं काम किती दिवसांनी करायचं ते आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधून घ्या.

आधी भोकं झाका. नाकाजवळच्या पिटोट नळ्यांवरून वैमानिकाला वेग कळतो. कुंभारीण माशीला ती नळी म्हणजे आयतं घर. चिखल आणून बुजवायला तिला फार वेळ लागत नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधून उडालेलं बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. विमान कित्येक दिवस उभं होतं, नळ्या उघड्या होत्या आणि तपासात संशय याच माशीवर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेरूत उलटं झालं: धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब मोजणाऱ्या भोकांवर, लावलेली टेप काढायचीच राहिली, 70 जण गेले. तेव्हा लांब लाल फितीचं कव्हरच वापरा आणि प्रत्येक कव्हर लावताक्षणी कागदावर चढवा. चंदेरी पत्र्यावर चंदेरी टेप? हात तोडीन, असं मी पोरांना सांगायचो.

मग इंजिन. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या मोजून ठेवा, सोबत आर्द्रतेचं कार्ड, मग पुढून-मागून कव्हर. कार्ड निळं आहे तोवर ठीक, गुलाबी झालं की पिशव्या बदला. जूनमध्ये आमची कार्डं लग्नातल्या अक्षतांसारखी गुलाबी.

टायर एकाच जागी दबून चपटा होतो. जमिनीला टेकलेल्या जागेवर खडूने खूण करा आणि ठरलेल्या दिवशी विमान टो करून (ओढून) ती वर आणा. चॉक, म्हणजे चाकांचे अडसर-ठोकळे, घट्ट लावले की पार्किंग ब्रेक सोडा.

टाक्या पूर्ण रिकाम्या करू नका, वाऱ्यात वजन लागतं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा हे सगळ्यांना पटलं. पण इंधनात पाणी साठतं आणि त्या पाण्यात बुरशी धरते. म्हणून खालच्या ड्रेनमधून काचेच्या बरणीत नमुना काढा, उजेडात धरा. तळाशी थेंब लोळताना दिसला, की पाणी. दिसेनासं होईपर्यंत काढत राहा.

बॅटरी सोडवा, पाण्याची टाकी आणि शौचालय रिकामं करा. गॅलीत, म्हणजे विमानातल्या खाण्यापिण्याच्या कोपऱ्यात, बिस्किटाचा चुराही नको. उंदीर वायर कुरतडतात.

25 मेला उड्डाणं सुरू झाली, पण जेमतेम एक तृतीयांश. बाकीची विमानं पावसाळाभर तशीच. जुलैत अमेरिकेच्या एफएएने (तिथली हवाई सुरक्षा यंत्रणा) तातडीचा आदेश काढला: सलग सात दिवस किंवा जास्त उभ्या राहिलेल्या जुन्या पिढीच्या बोइंग 737 मध्ये इंजिनातला ब्लीड एअर चेक व्हॉल्व्ह (इंजिनातून काढलेल्या दाबाच्या हवेच्या वाटेवरची एकतर्फी झडप) गंजलाय का ते बघा. दोन्हीकडचे अडकले तर दोन्ही इंजिनं बंद पडू शकतात.

उडवायच्या दिवशी काढलेली कव्हरं, चाकं मिटू नयेत म्हणून लावलेल्या पिना, पिशव्या ताडपत्रीवर ओळीने मांडा आणि कागदाशी जुळवा. एकदा आमची एक पिशवी कमी भरली. रात्री दोन वाजता पुन्हा टॉर्च घेऊन इंजिनाशी गेलो. पिशवी सापडली पोराच्या रेनकोटच्या खिशात.