वर्दी रंगवायला बसण्याआधी

कोल्हापुरात जी. डी. आर्ट करताना पोर्ट्रेटच्या तासाला आमच्यासमोर बसायचे ते बहुतेक फेटेवाले म्हातारे. सुरकुत्या भरपूर, त्यामुळे चित्र लवकर 'जमलं' असं वाटायचं. पुढे पहिलं लष्करी काम आलं ते सातारा जिल्ह्यातल्या एका घरून. बावीस वर्षांचा जवान, गुळगुळीत चेहरा, आता हयात नाही, आणि हाताशी स्टुडिओत काढलेला एकच जुना फोटो. चेहरा चार दिवसांत झाला. वर्दीने तीन आठवडे खाल्ले आणि तरी चूक राहिलीच.

फोटोच उलटा होता. प्रिंट काढताना कुणीतरी निगेटिव्ह पालथी घातली असणार. छातीवर पदक नाही, नावाची पट्टी नाही, त्यामुळे मला संशयही आला नाही. चित्र घेऊन गेलो तेव्हा त्याची आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लेकरा, तीळ ह्या गालाला नव्हता त्याच्या." मग माझं लक्ष शर्टाकडे गेलं. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. मी इमानेइतबारे उलटं रंगवलं होतं. बेरे, म्हणजे लष्करी मऊ टोपी, तोही तसाच उलटा. बिल्ला डाव्या डोळ्यावर हवा आणि कापड उजव्या कानाकडे ओढलेलं, ही साधी गोष्ट गावातल्या कुठल्याही माजी सैनिकाने दारातूनच सांगितली असती. कॅनव्हास परत आणला आणि नव्याने केला. पैसे अर्थातच वाढवून मागितले नाहीत.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे: पेन्सिल उचलण्याआधी एखाद्या निवृत्त सुभेदाराला गाठायचं, चहा पाजायचा आणि फोटो पुढे ठेवायचा. आपल्याला जिथे नक्षी दिसते तिथे तो मजकूर वाचतो. मेजरच्या खांद्यावर नुसती सिंहमुद्रा, लेफ्टनंट कर्नलच्या सिंहमुद्रेसोबत एक तारा, ब्रिगेडियरला तीन. रायफल रेजिमेंटची बटणं काळी. पॅराचा, म्हणजे छत्रीधारी सैनिकांचा, बेरे मरून, रणगाडेवाल्यांचा काळा. शिवाय तारीख विचारायलाच हवी. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा गणवेश सगळ्यांना सारखा झाला, लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची गोफाची दोरी, गेली. त्यामुळे २०२० सालच्या ब्रिगेडियरला आजचा गणवेश चढवलात तर अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये पहिल्याच संध्याकाळी हशा पिकेल.

पदकांची रांग छातीच्या मध्यापासून डाव्या खांद्याकडे जाते आणि सर्वांत मोठा सन्मान मध्याजवळ असतो. म्हणजे बघणाऱ्याने डावीकडून उजवीकडे वाचायचं. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी भगवी. भगवी बाजू खांद्याकडे. परमवीर चक्राची फीत सरळ जांभळी, ३२ मिलिमीटर रुंद. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा, मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. पदकाचा व्यास जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. नवी मुलं इथेच शून्य नंबरचा ब्रश घेऊन चार दिवस बसतात. नका बसू. वज्राला ब्रशचे तीन ठिपके पुरतात. कांस्य दिसतं ते गडद अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग, आणि एका ठिकाणच्या कोरड्या उजेडामुळे.

काळ्यापांढऱ्या फोटोंपासून सांभाळा. जुन्या काही फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे, त्यामुळे तांबडी फीत काळी उतरते. व्हिक्टोरिया क्रॉसची, म्हणजे ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाची, फीत किरमिजी असते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडग्यांना तो इटलीतल्या १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर मिळाला. त्यांचं चित्र कुणी मागितलं तर कापडही खाकी हवं. ऑलिव्ह ग्रीन वर्दी पुढच्या काळातली. मरणोत्तर पदकाचा आणखी एक पेच आहे. ज्याने ते कधी लावलंच नाही, त्याच्या छातीवर ते रंगवायचं का? माझं मत विचाराल तर पदक शेजारच्या टेबलावर, उघड्या डबीत बरं दिसतं. पण आजवर एकाही घरच्यांनी माझं ऐकलेलं नाही, आणि छातीवर रंगवताना मीही वाद घातलेला नाही.

ऑलिव्ह ग्रीनसाठी हिरव्या रंगाची ट्यूब उघडू नका. यलो ऑकरमध्ये आयव्हरी ब्लॅक कालवून बघा; हवा तो मळकट हिरवा तिथेच मिळतो, आणि सावलीत थोडा निळा पुरे. त्याच हिरव्याची झाक हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कडेला पडते. ती घातली नाहीत तर डोकं दुसऱ्याच धडावर चिकटवल्यासारखं दिसतं.

व्यवहाराचं थोडक्यात: अर्धी रक्कम आधी घ्या. युनिटचं काम असेल तर कोटेशन लेखी द्या आणि कुठला गणवेश, कुठली पदकं हेही लेखीच मागा. तारीख मात्र पावसाळ्याची देऊ नका. आमच्याकडे जुलैत तैलरंग वाळतच नाही, आणि जाड थराला वॉर्निश लावायचं तर सहा महिने तरी थांबावं लागतं. तेही मॅट. मेसमध्ये चित्रावर बहुधा वरून दिवा असतो, चकचकीत वॉर्निशवर साहेबांच्या कपाळाऐवजी त्या दिव्याचाच गोळा दिसतो. मी एकदा असं चित्र तासभर भिंतीवर तिरकं करून टांगून बघितलं, शेवटी खालच्या कडेला भिंतीशी लाकडाची पाचर लावून वेळ मारून नेली.