शांघायला वारलेल्या पूर्वजाची इस्टेट: कागद कुठे शोधायचे?

आधी मृत्यूची तारीख पक्की करा. फोर्टातल्या सॉलिसिटरकडे वारसाहक्काची कामं बघण्यात माझी अख्खी नोकरी सरली. पक्षकार पहिल्यांदा विचारतो ते इस्टेट केवढी आहे! शांघायच्या बाबतीत मात्र सगळं तारखेवर ठरतं. १८६५पासून तिथे ब्रिटिशांचं स्वतःचं सुप्रीम कोर्ट होतं. मुंबईचा पारशी व्यापारी असो की पोलिसातला शीख शिपाई, ब्रिटिश प्रजा म्हणून त्याचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करून घेणं, तिथे व्हायचं. ११ जानेवारी १९४३च्या कराराने ब्रिटनने चीनमध्ये आपली कोर्टं चालवण्याचा हा हक्क सोडला. करार २० मेपासून लागू झाला. त्याआधीच, डिसेंबर १९४१मध्ये, शांघायची आंतरराष्ट्रीय वसाहत जपान्यांनी ताब्यात घेतली होती.

पूर्वज गोव्याचा असेल तर वाट वेगळी. तो पोर्तुगीज प्रजा, त्याचे कागद पोर्तुगीज वकिलातीच्या दप्तरात बघायचे.

बाकीच्यांनी लंडनच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्हजचा ऑनलाइन कॅटलॉग उघडावा. 'एफओ ९१७' (FO 917, ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे कागद) या मालिकेत १८५७ ते १९४१ची शांघायची प्रोबेटं आहेत. नुसत्या 'सिंग'वर शोधलंत तर हाती काही लागणार नाही, गावाचं किंवा बापाचं नाव जवळ ठेवा. पारशी नावांत 'फ्रामजी'च्या शेवटी 'आय' आहे की दोन 'ई', दोन्ही टाकून बघा. प्रत मागवताना प्रमाणित प्रतच मागा. मोबाइलवरचा फोटो घेऊन कोर्टात गेलात तर वकीलसाहेब तिथूनच परत पाठवतील.

कागद आले की एकच गोष्ट बघा: आदेश झालाय, की नुसता अर्ज पडून आहे? करारासोबतच्या पत्रव्यवहारात हे स्पष्ट आहे. ब्रिटिश कोर्टाने दिलेले निकाल अंतिम मानायचे. गरज पडली तर चिनी अधिकाऱ्यांनी ते अमलात आणायचे. प्रलंबित प्रकरण अर्जदाराची इच्छा असेल तरच चिनी कोर्टाकडे जाणार, आणि तिथेही शक्यतो ब्रिटिश कोर्टाने लावला असता तोच कायदा लागणार. म्हणजे कोर्ट बुडालं म्हणून प्रोबेट बुडत नाही.

मृत्युपत्र तिथे सिद्ध झालेलं असेल आणि मालमत्ता मुंबईत निघाली, तर भारतीय वारसा कायदा १९२५चं कलम २२८ दाखवा. परदेशी कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत जोडून इथे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे इस्टेटीचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकारपत्र-आदेश, मागता येतात. मृत्युपत्रच नसेल तर या कलमाचा उपयोग नाही, मुंबईत वेगळा अर्ज करावा लागेल. शांघायमधल्या घराच्या आशेवर मात्र वकिलाची फी भरू नका.