जाड गादीचे बूट घेताना आतला इनसोल काढून पाहावा

लांब पल्ल्याच्या सरावासाठीचे मऊ, जाड तळाचे बूट दुकानात उभे राहिल्यावर सुखद वाटतात. पण माप चुकले असेल, तर १५-२० किलोमीटर धावल्यावर त्यांत बोटे दाटतात आणि नखे काळी पडू शकतात.

हे टाळण्यासाठी बूट संध्याकाळी, पाय दिवसभराने किंचित सुजलेले असताना, धावण्याचेच मोजे घालून पाहावेत. प्रथम बुटातला सुटा इनसोल (पावलाखालचा पातळ थर) काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. बोटे किंवा पावलाची कड बाहेर येत असेल, तर तो बूट आपल्या पायाला अरुंद आहे. मला हीच चाचणी सर्वांत भरवशाची वाटते, कारण वरचे ताणले जाणारे कापड बुटाची खरी रुंदी लपवते. मग इनसोल परत बसवून, नाड्या नीट बांधून, सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचेही असू शकते) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का, ते पाहावे. शेवटी दोन-तीन मिनिटे धावावे, वळावे; टाच निसटली किंवा घोटा डुलला, तर बूट नाकारावा.

नवा बूट थेट लांब धावेला वापरू नये. आधी छोट्या धावांत, जुन्या बुटांशी आलटूनपालटून, पायांना त्याची सवय होऊ द्यावी.